हत्ती, माहूत आणि शिदोरी

एखाद्या बँकेला लक्षावधि खात्यांचा दिवसभराचा हिशेब एका रात्रींत पुरा करावयाचा असला, तर तें काम एका संगणकाच्या आटोक्यांतील नसतें. त्याचे तुकडे करून ते शेंकडों संगणकांना वांटून द्यावे लागतात. या वांटणीसाठीं २००६ सालीं हदूप ही प्रणाली पुढें आली. तिच्या जनकांपैकीं डग कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यांतील हत्तीचें हें नांव. कोणतें काम कशाच्या मागून चालावें हें पाहणारी एक व्यवस्था पुढें याहू कंपनींत निघाली; तिला ऊझी, म्हणजे ब्रह्मी भाषेंत माहूत, असें नांव मिळालें. हत्तीला माहूत लाभला. पण प्रवासाची शिदोरी कोणीं बांधावी, हा प्रश्न राहिलाच.

ही शिदोरी म्हणजे लायब्ररी. प्रोग्राम लिहिणारा सारें कांहीं स्वतः लिहीत नाहीं. तारखा वाचणें, याद्या जुळविणें अशा कामांसाठीं इतरांनीं रचलेले तयार संच तो वापरतो. त्याच्या संगणकावर ते असतात, म्हणून तेथें प्रोग्राम बिनतक्रार चालतो. मध्यरात्रीं मात्र माहूत तें काम दूरच्या यंत्रावर धाडतो, आणि तेथें संच नसला कीं काम अडतें.

ऊझींत यावर दोन सोयी होत्या. कामाच्या फोल्डरांत 'लिब' नांवाचा कप्पा करून त्यांत संच ठेवले, तर ते कामाबरोबर जात. दुसरी सोय 'शेअरलिब' या सामाईक कोठाराची. तें वापरावयाचें असल्यास तसें स्पष्ट लिहावें लागे. दोन्ही वापराव्या, म्हणजे कांहीं उणें पडणार नाहीं, असें वाटणें साहजिक आहे. घोटाळा होतो तो तेथेंच.

मी शिक्षक असतांना दर जून महिन्यांत वर्गांत कांहीं मुलांजवळ नवें क्रमिक पुस्तक असे, तर कांहींजवळ थोरल्या भावाचें जुनें. मीं "पान चाळीस" म्हणावें, आणि दोन निरनिराळे धडे उघडले जावेत! जावा भाषेंतील प्रोग्रामाचें तसेंच होतें. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या वाटेंत असल्या, तर जी आधीं सांपडेल ती तो उचलतो. हवी ती क्रिया त्या आवृत्तींत नसली, तर काम तक्रार करून थांबतें. हें त्यांतल्या त्यांत बरें. क्रियेचें नांव तेंच, पण वर्तन निराळें असलें, तर काम यशस्वी म्हणून नोंदलें जातें आणि सकाळीं चुकीचे आंकडे हातीं येतात.

ग्वाव्हा या लायब्ररीचें उदाहरण प्रसिद्ध आहे. हदूपच्या दुसऱ्या पिढींत तिची ११ वी आवृत्ति होती. नव्या आवृत्तीवर लिहिलेले प्रोग्राम तिच्यावर आदळत. डिसेंबर २०१७ मध्यें आलेल्या हदूप ३.० नें आपल्या ग्राहक-प्रोग्रामांसाठीं असे अंतर्गत संच निराळ्या नांवांखालीं झांकून दिले. या युक्तीस शेडिंग म्हणतात.

एअरबीएनबी कंपनींत २०१४ सालीं सुरू झालेल्या एअरफ्लोसारख्या माहुतांनाही हाच नियम लागू आहे. आवृत्तीचा नेमका क्रमांक लिहावा. "सर्वांत नवीन" असें कधीं लिहूं नये. जो संच यंत्रावर अगोदरच आहे, तो पुन्हां बांधूं नये. पायथन भाषेंतील कामाबरोबर त्याची सारी सामग्री एका गठ्ठ्यांत धाडावी. सामाईक कोठारांतील वस्तु कोणास न सांगतां बदलूं नये. आणि प्रत्येक कामानें आपण कोणत्या आवृत्त्या उचलल्या, हें आरंभींच नोंदवहींत लिहावें. म्हणजे चूक झाली तरी ती कोठें झाली हें शोधतां येईल.