कागदावर कापलेला पूल

नागपुरात गड्डीगोदामला रेल्वेरुळांवरून पोलादी दांड्यांचा 80 मीटरचा पूल गेला आहे; त्यात मोटारींचा रस्ता, त्याच्यावर मेट्रो. पुलाचे वजन, गाड्यांचा भार, टेकूंनी दिलेला वरचा रेटा ही बाह्य बले. एखाद्या तिरक्या दांड्यातला ताण मात्र अंतर्गत. अख्खा पूल हिशेबात धरला, की हा ताण जोडीजोडीने कटतो, समीकरणात दिसतच नाही.

म्हणून कागदावर (पुलाला हात न लावता!) तीन दांडे छेदणारी रेघ मारायची आणि डावा तुकडाच बघायचा. उजवा आता परका. छेदलेल्या दांड्यांतली बले या तुकड्यापुरती बाह्य झाली. दोन दांड्यांच्या रेषा मिळतात त्या बिंदूभोवती आघूर्ण (बलांचा फिरवण्याचा जोर) घेतले, की तिसऱ्याचे बल थेट हाती येते. उत्तर उणे आले, तर ताण समजलो होतो तो दाब निघाला.