ठोका चुकला म्हणजे नेमकं काय चुकलं?

आयसीयूच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकाची नजर पेशंटपेक्षा मॉनिटरवर जास्त खिळलेली असते. हिरवी रेघ लयीत पुढे सरकत असते. मध्येच एक रुंद, बेढब ठोका उमटतो, क्षणभर रेघ सपाट होते आणि पुन्हा लय सुरू. बाहेरच्याच्या पोटात गोळा येतो. आतली सिस्टर मात्र एक नजर टाकून सलाइन बदलत राहते. कुठल्या ठोक्याला धावायचं, हे तिला ठाऊक असतं.

गैरसमज : अटॅकनंतर ठोके चुकू लागले, की गोळी देऊन ते बंद करावेत, धोका टळतो.

एकेकाळी डॉक्टरांनाही असंच वाटायचं. अटॅकनंतर ज्यांचे ठोके फार चुकतात त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त, हे निरीक्षण खरंच होतं. मग ठोके आवरले तर मृत्यूही आवरतील, हा हिशेब सरळ वाटला. अमेरिकेत ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत तो तपासला गेला. एनकेनाइड किंवा फ्लेकेनाइड घेऊन ज्यांचे चुकणारे ठोके खरोखर कमी झाले, अशाच पेशंटांना चाचणीत घेतलं; निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी.

१९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, निष्क्रिय गोळीवाल्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला होता, माणसं जास्त मरत होती. चुकणारे ठोके ही जखमी स्नायूची खूण होती. खूण पुसणाऱ्या औषधाने त्याच स्नायूत नव्या, जीवघेण्या लयी पेटवल्या.

याउलट, बीटा ब्लॉकर गटातल्या प्रोप्रॅनोलॉलने १९८२ च्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण ९.८ वरून ७.२ टक्क्यांवर आणलं होतं.

गैरसमज : शॉक द्यावा लागला, म्हणजे पेशंटचं पुढे काही खरं नाही.

शॉक कधी लागला, हे आधी विचारायला हवं. अटॅकनंतरच्या पहिल्या ४८ तासांत रक्ताविना तडफडणाऱ्या स्नायूत विजेचा गोंधळ माजतो आणि खालचे कप्पे नुसते थरथरतात. ते दिवस जोखमीचेच. पण त्यातून सावरून घरी गेलेल्यांचं पुढचं भवितव्य बहुधा इतर पेशंटांच्या जवळपास जातं. तोच प्रकार, नवा अटॅक नसताना, दोन दिवसांनंतर घडला तर संशय स्नायूतल्या कायमच्या व्रणावर जातो. तो जास्त गंभीर.

गैरसमज : दोन दिवस अनियमित झालेले ठोके सरळ झाले, विषय संपला.

ठोके असे अनियमित करणारी वरच्या कप्प्यांची थरथर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, थांबली तरी परत येऊ शकते. तिच्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी कोणती आणि किती दिवस, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्यावं.

गैरसमज : खर्चाची तयारी आहे, तर शॉक देणारं यंत्र लगेच बसवून टाकावं.

२००४ च्या ‘डिनामिट’ चाचणीत अटॅकनंतर ६ ते ४० दिवसांत हे यंत्र बसवलं गेलं. लयीच्या बिघाडाने होणारे मृत्यू घटले, पण एकूण मृत्यू घटले नाहीत. त्याआधी २००२ मध्ये, अटॅकला महिना उलटलेल्या आणि हृदयाचं पंपिंग ३० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या पेशंटांत मात्र याच यंत्राने मृत्यूचं प्रमाण १९.८ वरून १४.२ टक्क्यांवर आणलं होतं. म्हणून सहसा निदान ४० दिवस औषधं देऊन, पुन्हा टू-डी एको काढून मग निर्णय होतो.

स्टेंट किती टाकले, हे घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. एको रिपोर्टमधला पंपिंगचा टक्का मात्र फाइलमध्येच राहतो. फेरतपासणीला जाताना तो कागद बरोबर हवा. आणि धडधडीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच १०८ ला फोन करावा.