बिजागरीत जीव

जुन्या धातूच्या गॉगलचा जाणता संग्राहक आधी काचेकडे बघतच नाही. तो काडी उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. ती कुठे अडते, कुठे सैल पडते याचा अंदाज बोटांनी घेतो. मग भिंग काढून ब्रिजचे सांधे तपासतो. डाख फुगलाय का, हिरवा गंज धरलाय का, नंतर कुणी हात मारलाय का? कंपनी कुठली आणि कुठल्या नटाने तो गॉगल घातला होता, या गप्पा नंतरच्या.

हा विक्षिप्तपणा नाही. अॅसिटेट या प्लास्टिकच्या फ्रेमचा दर्शनी भाग जाड पत्र्यातून अखंड कापून काढता येतो. धातूची फ्रेम मात्र बहुतेक वेळा तुकडे जोडूनच उभी राहते. आतून खाच असलेली तार वळवून केलेल्या दोन रिम, त्यांच्यामधला ब्रिज, काड्या, नोजपॅड धरणारे नाजूक हात, रिमची दोन टोके मिळतात तिथला चिमुकला ठोकळा आणि त्यातला स्क्रू. घाम, ऊन, खिशातली दाटी, या सगळ्यांचा मार शेवटी जोडावर येतो. गेल्या नऊ दशकांत उंची गॉगल घडवणाऱ्यांनी जी अक्कल खर्ची घातली, तिचा मोठा वाटा या जोडांपायीच गेला आहे.

सुरुवात वैमानिकांपासून करावी लागते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ‘बॉश अँड लोम्ब’ कंपनीने १९३७ मध्ये ‘रे-बॅन’ हे नाव बाजारात आणले. थेंबासारखी खाली उतरलेली काच ही आज फॅशन वाटते, पण वैमानिक एकदा क्षितिजाकडे आणि एकदा खाली यंत्रांकडे बघतो. दोन्हीकडे नजर झाकलेली राहावी म्हणून तो आकार. १९४४ मध्ये जनरल मॅकआर्थर फिलिपिन्समधल्या लेटे बेटाच्या किनाऱ्यावर पाण्यातून चालत आले, तेव्हाच्या छायाचित्रांत त्यांच्या डोळ्यांवर गॉगल आहे. लष्करी वस्तूला नागरी गिऱ्हाईक मिळायला तेवढे पुरेसे होते.

या काळातल्या चांगल्या फ्रेम रोल्ड गोल्डच्या असत. जुनी मनगटी घड्याळे आणि आजोबांचे चष्मे यांच्यामुळे हा प्रकार मराठी घरांनाही परका नाही. हा मुलामा नव्हे. हलक्या मिश्रधातूच्या गाभ्यावर सोन्याचा खरा पत्रा उष्णतेने आणि दाबाने बसवायचा, आणि मग त्या जोडीचीच तार ओढायची. काडीच्या आत ‘१/१० १२के जीएफ’ असा बारीक ठसा दिसला, तर वजनाचा एक दशांश भाग बारा कॅरटचे सोने आहे असे समजायचे. विजेच्या मुलाम्यापेक्षा हा थर कितीतरी जाड असतो, म्हणून पन्नास-साठ वर्षांनंतरही अशा फ्रेम अंगावर तेज राखून असतात. पण तार कापली की टोकाशी आतला तांबटपणा उघडा पडतो, आणि डाख तर टोकांनाच द्यायचा असतो. तिथे घाम मुरला की हिरवी बुरशी आल्यासारखा गंज चढतो. रोल्ड गोल्डची दुखरी नस ती हीच.

१९५८ मध्ये अमेरिकी लष्कराने वैमानिकांच्या गॉगलचे नवे मानक आणले. काड्या सरळ हव्यात, कानामागे वळलेल्या नकोत, म्हणजे हेल्मेट न काढता गॉगल घालता-काढता येईल. हे काम आधी ‘अमेरिकन ऑप्टिकल’ने केले. १८३३ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या साउथब्रिजला चष्मे बनवणारी ही कंपनी. पुढे १९७३ मध्ये त्याच राज्यात दोन पोलिश स्थलांतरितांनी काढलेली ‘रँडॉल्फ’ कंपनी लष्कराची पुरवठादार झाली. रँडॉल्फ आपल्या फ्रेमच्या डाखाची आयुष्यभर हमी देते. काचेची नाही, रंगाची नाही, डाखाची! कारखानदाराला आपला माल कुठे मोडतो हे ठाऊक असल्याची याहून प्रामाणिक कबुली दुसरी नसेल.

१९९९ मध्ये बॉश अँड लोम्बने आपला गॉगलचा धंदा इटलीच्या लुक्सॉटिका कंपनीला ६४ कोटी डॉलरला विकला, आणि संग्राहकांच्या पंचांगात त्या वर्षाने रेघ ओढली. रेघेच्या आधीच्या काचेच्या कडेला ‘बीएल’ कोरलेले सापडते, नंतरच्या काचेवर ‘आरबी’. भारतात राजस्थानातल्या भिवाडीलाही रे-बॅन बनत. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या दुकानांत दिसणारा माल बऱ्याचदा तिथला. संग्राहक मात्र ‘यूएसए’ हा ठसा शोधत राहतात. त्यातला थोडा भाग जाणकारीचा आणि बराचसा भक्तीचा.

‘कार्तिए’ या पॅरिसच्या जवाहिऱ्याने १९८३ मध्ये चष्म्यांची पहिली मालिका काढली तेव्हा जोड लपवण्याऐवजी मिरवला. आपल्या ‘सांतोस’ घड्याळावरचे उघडे स्क्रू त्यांनी ब्रिजवर आणि काड्यांवर आणून बसवले. फ्रेम जड, सोन्याचा मुलामा जाड, बिजागरी मिटताना होणारा आवाज तिजोरीच्या दारासारखा भरीव. या चष्म्यांना सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक पॅरिसमध्ये नव्हे, तर मोटारींच्या डेट्रॉइट शहरात मिळाले. म्हशीच्या पांढऱ्या शिंगाच्या काड्या असलेल्या कार्तिएला तिथे ‘बफ्स’ म्हणतात. तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत ती यशाची खूण ठरली आणि तिच्यासाठी लुटालूट, प्रसंगी खूनही झाले.

‘पोर्शे डिझाइन’ने वेगळाच प्रश्न हाती घेतला. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या ‘कॅरेरा’साठी असा गॉगल आखला, की ज्याची काच हत्यारावाचून बदलता येई. दुपारी गडद, संध्याकाळी फिकट. डौलात तो कार्तिएच्या जवळपासही नाही, पण कल्पकतेत दोन पावले पुढेच.

खरी उलथापालथ मात्र जपानमध्ये झाली. फुकुई प्रांतात हिवाळाभर बर्फ पडते आणि शेती थांबते. १९०५ मध्ये मासुनागा गोझाएमोन यांनी ओसाकाहून कारागीर आणवून गावकऱ्यांना चष्म्याच्या फ्रेम बनवायला शिकवले. त्या जोडधंद्यातून साबाए हे शहर उभे राहिले. जपानमध्ये बनणाऱ्या फ्रेमपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आज या परिसरातून येतात. एक घर रिम वळवते, दुसरे डाख देते, तिसरे पॉलिश करते, चौथे रंग चढवते. गावच कारखाना.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी साबाएने टायटॅनियमला हात घातला. धातू गुणी: एका घनसेंटिमीटरचे वजन साडेचार ग्रॅम, म्हणजे चष्म्यांत पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या निम्मे. घामाने गंजत नाही, निकेलची अॅलर्जी असणाऱ्यांनाही चालतो. पण स्वभावाने हट्टी. तापवला की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो, म्हणून त्याचे जोड आर्गॉन वायूच्या आवरणात द्यावे लागतात. त्याच्या अंगावर कायम ऑक्साइडची पातळ साय असते, त्यामुळे नेहमीचा विजेचा मुलामा धरत नाही. निर्वातात आयनांच्या माऱ्याने थर चढवावा लागतो. काड्यांना लवचीकपणा हवा म्हणून तिथे बीटा टायटॅनियम, इतरत्र साधे, म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन स्वभाव सांभाळायचे. हे सगळे जमवता जमवता तिथल्या कारागिरांना जी सफाई आली, तिच्या जिवावर आज लॉस एंजेलिसची ‘डिटा’सारखी घराणी चालतात. नाव अमेरिकेचे, हात जपानचे.

जपानी धातुकामाला पडद्यावर जागा मिळाली ती १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’मध्ये. लिंडा हॅमिल्टनच्या डोळ्यांवरचा, कडांना झडपा असलेला गॉगल ‘मात्सुदा’चा होता. नव्वदच्या दशकात फ्रेंच फॅशन डिझायनर जाँ पॉल गोतिए यांच्या नावाचे गॉगलही जपानमध्येच बनत. त्यांच्या काड्यांवर चक्क स्प्रिंगा दिसतात. त्यातल्या काहींचे काम शोभेपुरतेच होते हे खरे, पण ती शोभा इतकी काटेकोर होती की तक्रार करवत नाही.

आणि मग ‘ओकली’. जिम जॅनर्ड यांनी १९७५ मध्ये मोटरसायकलच्या हँडलच्या मुठींपासून सुरू केलेल्या या कॅलिफोर्नियाच्या कंपनीने १९९७ मध्ये ‘रोमिओ’ आणला. ना तार, ना डाख. मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचे कवच, मेण वितळवून पोकळीत टायटॅनियमचा मिश्रधातू. चोळकालीन कांस्यमूर्ती ओतल्या गेल्या त्याच तत्त्वाने, फक्त भट्टी नेवाडा राज्यात. ओतलेले भाग ताठ, लवचीकपणा नाहीच. मग चेहऱ्यावर बसणार कसे? ओकलीने ब्रिजच बिजागरीचा केला. डावा डोळा आणि उजवा डोळा असे दोन स्वतंत्र भाग, नाकावर पिनेने जोडलेले, मध्ये रबर. काड्यांच्या मुळाशीही रबराचे ठोकळे. चेहरा रुंद असो वा अरुंद, गॉगल त्याप्रमाणे उमलतो किंवा मिटतो. गॉगलच्या इतिहासात जोडाला दुबळी जागा न मानता फ्रेमचा कणा मानणारे इतके धीट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

१९९८ मध्ये मायकल जॉर्डनच्या नावाशी जोडलेला, चामडे मढवलेला ‘मार्स’ आला, १९९९ मध्ये ‘ज्युलिएट’. २००० च्या ‘मिशन इम्पॉसिबल २’मध्ये टॉम क्रूझला कामगिरीचा निरोप देऊन स्फोट पावणारा गॉगल रोमिओच. ब्राझीलच्या गरीब वस्त्यांतल्या फंक संगीताने ज्युलिएटला असे उचलून धरले, की तिच्या नकलांचा तिथे वेगळा बाजारच उभा राहिला. २००७ मध्ये ओकलीही लुक्सॉटिकाकडे गेली आणि २०१२ च्या सुमारास ही धातूची मालिका थांबली.

नकला ओळखायला काही जण लोहचुंबक बाळगतात. टायटॅनियमला चुंबक धरत नाही. पण बऱ्याच जातींच्या स्टेनलेस स्टीललाही तो जवळपास धरत नाही, त्यामुळे चुंबकाची साक्ष अर्धीच. ओतीव कडांचा पोत, पिनांची बसणी आणि वजन यांवर भरवसा ठेवणारे कमी फसतात.

बर्लिनकरांनी तर स्क्रूचाच निकाल लावला. १९९६ ची ‘आयसी! बर्लिन’ आणि तिच्यातूनच बाहेर पडलेल्या मंडळींनी २००३ मध्ये काढलेली ‘मिकिता’, दोघींच्या फ्रेम स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यातून कापून, घड्या घालून बनतात. काडी पत्र्याच्याच वळणात अडकते. जोर बसला तर ती निसटते, मोडत नाही. पुन्हा अडकवली की झाले. हुशारी वादातीत, पण संग्राहकाचा हात तिच्यावर तितका रेंगाळत नाही. घडी घातलेल्या पत्र्यात कारागिराचा माग लागत नाही.

राहता राहिला दुरुस्तीचा प्रश्न, आणि त्यावरून संग्राहकांत हमरीतुमरी होते. रोल्ड गोल्डच्या जुन्या फ्रेमवर कुणी नवा मुलामा चढवला, तर ती चकाकते आणि तिची किंमत उतरते. मूळ सोने झिजलेले चालते, झाकलेले नाही. ज्युलिएटचे उलट. तिच्यातले रबर वर्षांनी दबते, काड्या लुळ्या पडतात, ब्रिज खुळखुळू लागतो. मूळ कंपनीचे सुटे भाग दुर्मीळ, म्हणून हौशी मंडळींनी स्वतःच रबराचे ठोकळे आणि पातळ चकत्या बनवायला घेतल्या. असा कसून घेतलेला गॉगल न छेडलेल्या गॉगलपेक्षा महाग जातो, आणि विकणारे जाहिरातीत धातूच्या रंगाआधी रबर कधी बदलले ते लिहितात.