बोटीवरची बक्षिसी

दादरा आणि नगर हवेली हा मुलूख समुद्राच्या इतक्या जवळ असूनही त्याला समुद्र नाही. सिल्वासाच्या कडेने दमणगंगा वाहते. पण खारा वारा अंगावर घ्यावयाचा तर दमणचा रस्ता धरावा लागतो. इथल्या माणसाचा पाण्यावरचा प्रवास म्हणजे बहुधा दुधनीच्या जलाशयातील होडीची फेरी. फेरी संपली, होडी काठाला लागली, की घरातील कर्ता पुरुष ठरलेल्या भाड्याखेरीज दहा-वीस रुपये होडीवाल्याच्या हातावर ठेवतो. द्यावयाचे की नाही, किती द्यावयाचे, हे तो उतरता उतरता मनाशी ठरवितो. बक्षिसी म्हणजे काय, ह्याविषयीची आपली कल्पना अशा प्रसंगांतून घडलेली असते: काम झाल्यावर, खुशीने, आपल्या मर्जीने दिलेले चार पैसे.

हीच कल्पना घेऊन माणूस मोठ्या सहलीच्या बोटीवर चढतो, तेव्हा मात्र घोटाळा होतो. असे प्रवासी आता थोडे नाहीत. वापीला गाडी धरावी, मुंबईस उतरावे आणि बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकावे, इतके हे सोपे झाले आहे. २०२१ च्या सप्टेंबर महिन्यात कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ नावाच्या बोटीच्या सहली मुंबईहून सुरू केल्या, आणि गोवा, लक्षद्वीप ह्या वाटांवर मध्यमवर्गीय कुटुंबेही जाऊ लागली. ज्यांची ऐपत अधिक, ते सिंगापूरला किंवा दुबईला विमानाने जाऊन तिथल्या बोटी पकडतात. तिकीट, व्हिसा, औषधे, उलटी न होण्याची गोळी, सगळ्यांची चौकशी आधी होते. बक्षिसीची चौकशी कोणी करीत नाही; आणि सहलीच्या शेवटच्या रात्री केबिनमध्ये जे बिल येते, त्यात तीच रक्कम डोळ्यांत भरते.

ती किती असते, ते हिशेब केल्याशिवाय ध्यानात येणार नाही. अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर साध्या केबिनसाठी दर माणशी, दर दिवशी साधारण १५ ते २० डॉलर ‘सेवेबद्दल’ म्हणून आपोआप खात्यावर मांडले जातात. समजा, नवरा, बायको आणि दोन शाळकरी मुले अशी चार माणसे सात रात्रींच्या सहलीस निघाली आणि दर १६ डॉलरचा आहे. चार गुणिले सात गुणिले सोळा, म्हणजे ४४८ डॉलर झाले. मुलांना सूट मिळेल ही आशा व्यर्थ. माफी मिळालीच तर ती पुष्कळ कंपन्यांत फक्त अगदी लहान बाळांना मिळते. ज्याने मनाशी दोन-तीन हजार रुपयांची बक्षिसी धरली होती, त्याला ही रक्कम पाहून आपण फसलो असे वाटले तर नवल नाही.

मग तो तरातरा स्वागतकक्षाकडे जातो आणि ही रक्कम काढून टाका असे सांगतो. अनेक बोटींवर ती विनंती मान्यही होते. प्रवाशाला वाटते, आपण कंपनीला धडा शिकविला. धडा मात्र दुसऱ्यालाच मिळालेला असतो.

इथे आपल्या जुन्या गावगाड्याची आठवण उपयोगी पडेल. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट ही मंडळी वर्षभर शेतकऱ्याचे काम करीत आणि सुगी आली की खळ्यावर येऊन आपला ठरलेला वाटा नेत. त्याला बलुते म्हणत. बलुते ही मेहेरबानी नव्हती. तो हक्क होता, आणि ते बुडविणाऱ्याला गावात कोणी भला माणूस म्हणत नसे. दिवाळीला जी पोस्त मिळे ती वेगळी. ती देणाऱ्याच्या खुशीची. बलुतेदारीत अन्याय पुष्कळ होता, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण हक्काचा वाटा निराळा आणि खुशीचे देणे निराळे, एवढा भेद त्या व्यवस्थेतील अडाणी माणसालाही कळत असे. बोटीवर ही दोन्ही देणी एकाच ‘टिप’ ह्या शब्दाखाली दडलेली आहेत. खात्यावर आपोआप मांडली जाणारी रक्कम हे बलुते. शेवटच्या रात्री आपण पाकिटात घालून देऊ ती पोस्त.

खात्यावरची रक्कम एकट्या केबिन झाडणाऱ्याला मिळत नाही. ती सामाईक निधीत जाते आणि तीतून केबिनचा स्ट्यूअर्ड, त्याचा मदतनीस, जेवणघरातील वाढपी ह्यांना वाटा मिळतो. पुष्कळ कंपन्यांत धुलाईखान्यातील आणि मुदपाकखान्यातील, प्रवाशाच्या कधी दृष्टीसही न पडणाऱ्या माणसांनाही मिळतो. ह्या नोकरांचा मूळ पगार पुष्कळदा बेताचा असतो आणि हा वाटा त्यांच्या कमाईचा मोठा भाग असतो. प्रवाशाने रक्कम काढून टाकली की निधी तेवढा आटतो. ‘मी ती काढली खरी, पण त्या मुलाच्या हातावर रोख ठेवीन,’ असे म्हणणारेही असतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: काही कंपन्यांत असा नियम आहे की, ज्या प्रवाशाने ठरीव रक्कम काढली, त्याने हाती दिलेले रोख पैसेही नोकराने सामाईक निधीतच भरले पाहिजेत.

ही माणसे कोण? त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव असते आणि बहुधा देशाचेही नाव असते. फिलिपीन्स, इंडोनेशिया आणि भारत. भारत म्हटला की त्यात गोव्याचा वाटा जुना आहे. पी. अँड ओ. कंपनीच्या टपालबोटी मुंबईहून विलायतेला जात, त्या काळी डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे व गुजरातच्या किनाऱ्यावरचे असत, आणि जेवणघर व केबिन सांभाळणारे स्ट्यूअर्ड बहुतेक गोव्याचे. त्यांना कोकणीत तारवटी म्हणतात. दोन सफरींच्या मधल्या दिवसांत ही मंडळी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावच्या ‘कुडां’मध्ये राहत, एका गावाची एक कूड, भिंतीशी मांडलेल्या ट्रंका, आणि पुढच्या बोटीच्या बोलावण्याची वाट. साष्टी-बारदेशातील कित्येक घरे आणि मुलांची शिक्षणे तारवट्यांच्या पैशावर उभी राहिली. त्या पैशात पगाराबरोबर सफरीच्या शेवटी साहेबलोकांनी दिलेली बक्षिसीही होती. आजच्या बोटीवर बिछाना घालणारा मुलगा मडगावचा निघाला, तर त्याच्या आजोबांनीही हेच काम केलेले असण्याचा संभव बराच आहे.

त्या काळी बक्षिसी रोखीने, हातात, शेवटच्या दिवशी दिली जाई. आपोआप आकारणीची रीत नंतरची. तिला जोर आला तो अमेरिकन कंपन्यांमुळे, आणि अमेरिकेत टिप देण्याचा इतिहास फारसा गौरवाचा नाही. तेथील यादवी युद्धानंतर १८६७ मध्ये स्थापन झालेल्या पुलमन कंपनीने आपल्या शयनगाड्यांवर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना हमाल-चाकर म्हणून घेतले. पगार तुटपुंजा ठेवला. उरलेले प्रवाशांच्या बक्षिसीतून कमवा, असा त्याचा अर्थ होता. ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांच्या नेतृत्वाखाली त्या चाकरांनी १९२५ मध्ये संघटना उभारली, आणि कंपनीने तिच्याशी करार केला तो १९३७ मध्ये. बक्षिसी ही मालकाच्या पगाराची जागा कशी घेते, ह्याचा हा चांगला धडा आहे.

म्हणूनच कोणी विचारील की, नोकराचा पगार कंपनीने द्यावा, प्रवाशाने का? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये असे सांगितले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. वापीच्या किंवा मुंबईच्या उपाहारगृहात जो नियम, तोच बोटीवर असे मानून प्रवासी भांडावयास उभा राहतो. पण अशा पुष्कळ बोटी बहामाज, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली फिरतात, आणि ही रक्कम तिकिटाबरोबरच्या छापील अटींत आधीच लिहिलेली असते. त्या अटी मान्य करूनच आपण बोटीवर आलेलो असतो. कंपनीशी भांडावयाचे तर तिकीट काढण्यापूर्वी भांडावे. चांगला उपायही आहे: ब्रिटनच्या पी. अँड ओ. क्रूझेसने २०१९ मध्ये ही निराळी आकारणी बंद करून ती भाड्यातच धरली. काही महागड्या कंपन्यांनीही हीच रीत ठेवली आहे. भाड्याचा आकडा थोडा मोठा दिसतो खरा, पण तो खरा आकडा असतो. ज्याला पद्धत बदलावी असे वाटते, त्याने अशा कंपनीचे तिकीट काढावे. तोवर सुट्टीवरील माणसाने आपला निषेध चादर बदलणाऱ्याच्या खिशातून वसूल करू नये.

तेव्हा पहिले काम तिकीट काढताना. एजंटाला सरळ विचारावे: सेवेची रक्कम भाड्यात धरली आहे, आगाऊ भरावयाची आहे, की बोटीवर रोज खात्यावर पडणार आहे? मुंबईहून निघणाऱ्या सहलींतही हा प्रश्न विचारावाच, आणि दरपत्रकात तशी ओळ आहे का हे पाहावे. आगाऊ भरण्याची सोय असेल तर नोकरदार माणसाने तीच पत्करावी; बोनसच्या महिन्यात भरलेले पैसे सहलीच्या शेवटी बोचत नाहीत.

बोटीवर दुहेरी देण्यापासून मात्र सावध राहिले पाहिजे. पेयांच्या बिलात पुष्कळ ठिकाणी १८ टक्के किंवा त्याहून थोडी अधिक रक्कम आधीच मिळविलेली असते; मालिश, केशरचना असल्या सेवांचेही तेच. त्याच बिलाच्या तळाशी ‘अधिक टिप’ म्हणून एक रिकामी जागा सोडलेली असते. ती रिकामी ठेवण्यात काही गैर नाही. नवखा प्रवासी संकोचाने तीत आकडा लिहितो आणि एका सरबताची दोनदा बक्षिसी देतो. कप्तान, अधिकारी आणि बोटीवरचा डॉक्टर ह्यांना कधीही पैसे देऊ करू नयेत. तो त्यांचा अपमान समजला जातो. केबिनमध्ये अवेळी चहा-खाणे मागविले तर आणणाऱ्याला एखादी छोटी नोट द्यावी. धक्क्यावरचा हमाल बोटीचा नोकर नसतो; अमेरिकेत त्याला एका बॅगेमागे एक-दोन डॉलर देण्याची रीत आहे, मुंबईत आपली नेहमीची. बंदरावर उतरून जी गावे पाहावयाची, तिथे त्या देशाची चाल पाहावी. जपानात तर टिप देऊ केली की घेणाराच अवघडून जातो.

आता पोस्त. ती द्यावीच असे बंधन नाही. पण ज्याने आजीच्या पथ्याचे जेवण रोज आठवणीने आणले, किंवा बोट हलू लागली तेव्हा मध्यरात्री आल्याचा तुकडा आणि कोरडी बिस्किटे पोहोचविली, त्याला काही द्यावेसे वाटतेच. ते नोटांत द्यावे, नाण्यांत नव्हे. परदेशी नाणी त्याला पुढे बदलून मिळत नाहीत. परदेशी बोटीवर डॉलरच बरा, कारण मनिलाच्या मुलाला आपली शंभराची नोट काय उपयोगी? पाकिटावर त्याचे नाव लिहावे, दोन शब्द आभाराचे लिहावेत आणि समोर उभे राहून हातात द्यावे. उशीखाली कोंबलेली नोट विसरलेली आहे की दिलेली, ह्याचा त्याला पत्ता लागत नाही, आणि प्रामाणिक नोकर ती परत करण्यासाठी धावपळ करतो. जुने कपडे, उरलेला फराळ ह्यांना बक्षिसी समजू नये. कंपनीच्या अभिप्रायपत्रात नाव घेऊन लिहिलेल्या दोन ओळी मात्र अवश्य द्याव्यात. त्यांना पैसा पडत नाही आणि बढतीच्या वेळी त्या वरिष्ठांच्या नजरेस येतात. पुष्कळ प्रवासी हेच विसरतात.

आणि हाक. टिचकी वाजवून किंवा ‘ए पोरा’ म्हणून बोलाविणाऱ्याने शेवटी शंभर डॉलर दिले तरी ती बक्षिसी होत नाही. हा मुलगा सहा ते नऊ महिने घर सोडून आलेला असतो. सागरी कामगारांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे त्याला दर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावयास हवी. म्हणजे उरलेल्या चौदा तासांत तो केव्हाही कामावर असू शकतो, आणि बिल्ल्यावरचे त्याचे नाव वाचावयास आपल्याला एक क्षण पुरतो.

पाकीट शेवटच्या सकाळसाठी ठेवू नये. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवावयाच्या असतात, आणि पहाटेपासून स्ट्यूअर्ड साऱ्या खोल्यांच्या चादरी एकदम काढू लागतो, कारण त्याच दुपारी त्याच केबिनमध्ये नवे प्रवासी यावयाचे असतात. त्या सकाळी त्याला थांबून बोलावयास सवड नसते. आदल्या संध्याकाळी, तो बिछाना घालावयास येईल तेव्हाच, ते देऊन टाकावे.