थिसलगॉर्म पाहायला जाताना
६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बुडवलेलं ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज आजही इजिप्तजवळ, तांबड्या समुद्राच्या तळाशी सुमारे ३० मीटरवर आहे. पोटात लष्करी ट्रक, मोटरसायकली, अगदी रबरी बूटसुद्धा! शर्म अल-शेखहून बोटी जातात. पण डायव्हिंगचं प्राथमिक प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचंच. इथे पुढचं प्रशिक्षण हवं, आत शिरायचं तर आणखी वेगळं. प्रवाह जोरकस, म्हणून दोरी धरूनच उतरायचं. आत जाणाऱ्यांचा हिशेब सोपा: एक तृतीयांश हवा जायला, तेवढीच परतायला, उरलेली अडचणीसाठी. आठवण म्हणून बूट उचलायचा मोह (होतोच!) आवरावा. आणि परतीचं विमान शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तासांनी, शक्यतो दुसऱ्या दिवशीचंच काढा.