दुष्फेन पाणी आणि दूषित पाणी

नळाची तोटी फिरवितांच घरांत पाणी येतें, ही सोय शहरांतील कुटुंबांच्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, त्या पाण्याविषयीं विचार करण्याचा प्रसंग बहुधा तक्रारीच्या वेळींच येतो. डाळ शिजत नाहीं, साबणाला फेस येत नाहीं, चहाच्या पातेल्याच्या बुडाशीं पांढरें पुट चढतें, न्हाल्यावर केस चिकट राहतात, आणि मग घरांतील एखादें वडील माणूस निर्णय देतें, "पाणी जड आहे, बाधेल." या एका वाक्यांत दोन वेगळीं विधानें एकत्र आलेलीं आहेत. पाणी जड असणें ही एक गोष्ट, आणि पाणी बाधणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिलीचा संबंध मुख्यतः भांड्यांशीं, कपड्यांशीं व जळणाशीं, दुसरीचा प्रकृतीशीं. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे जेथें भीतीचें कारण नाहीं तेथें खर्च होतो, आणि जेथें सावध राहावयाचें तेथें निर्धास्तपणा येतो.

जड पाण्याला शास्त्रीय परिभाषेंत दुष्फेन पाणी म्हणतात, व ज्यांत साबणाला सहज फेस येतो त्याला सुफेन. पावसाचें पाणी मुळांत सुफेनच असतें. तें जमिनींत मुरतांना मातींतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून घेतें व किंचित् आम्लधर्मी बनतें. असें पाणी खडकांच्या भेगांतून हळूहळू झिरपत असतां त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून बरोबर नेतें. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे, व या खडकांत हीं दोन्ही द्रव्यें मुबलक आहेत. काळ्या रानांत नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे म्हणजे त्यांतील कॅल्शियमचा जमिनींत मागें राहिलेला सांठाच होय. म्हणून दख्खनच्या पठारावरील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी बहुधा जड असतें.

याच्या उलट, सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस उतारावरून धांवत जाऊन तलावांत सांचतो. खडकाच्या पोटांत रेंगाळावयास त्याला अवसर मिळत नाहीं. मुंबईला विहार तलावाचें पाणी १८६० पासून, तुळशीचें १८७९ पासून व तानसाचें १८९२ पासून मिळूं लागलें. पुढें वैतरणा व भातसा या नद्यांच्या पाण्याची त्यांत भर पडली. पुण्याला खडकवासल्याच्या धरणाचा आधार आहे. हें सर्व पाणी स्वभावतःच बरेंच सुफेन. तेव्हां या शहरांतील एखाद्या इमारतींत जडपणाची तक्रार सुरू झाली, तर महापालिकेच्या पाण्यांत कूपनलिकेचें किंवा टँकरचें पाणी मिसळलें जात आहे काय, हें प्रथम पाहावें. उन्हाळ्यांत पुरवठा कमी पडतो, तळच्या टाकींत निरनिराळ्या ठिकाणचें पाणी एकत्र होतें, आणि वरच्या मजल्यावरील गृहिणीला ती बातमी न शिजलेल्या डाळीकडून कळते.

दुष्फेनता दोन प्रकारची असते. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट क्षार असले तर ती तात्पुरती; सल्फेट व क्लोराइड असले तर ती कायमची. तात्पुरती दुष्फेनता पाणी उकळल्यानें बरीचशी जाते, कारण उष्णतेनें बायकार्बोनेट मोडतो व न विरघळणारा कार्बोनेट खालीं बसतो. पातेल्यांतील पांढरें पुट तें हेंच. पूर्वीं जें पुट तांब्याच्या बंबांत बसत असे, तेंच आतां विजेच्या गीझरच्या दांडीवर बसतें. पुटांतून उष्णता सहजासहजीं जात नाहीं. त्यामुळें वीज अधिक खर्चते, आणि दांडी आंतल्या आंत अति तापून लवकर निकामी होते. हें पुट खरवडून काढण्याची मात्र गरज नाहीं. तें आम्लांत विरघळतें. पातेल्यांत पाणी व थोडें लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर घालून तें तासभर ठेवलें कीं बारीक बुडबुडे निघूं लागतात व पुट सुटून येतें.

साबणाची हकीकत थोडी वेगळी आहे. साबण म्हणजे सोडियम व स्निग्धाम्लें यांचा संयोग. दुष्फेन पाण्यांत सोडियमची जागा कॅल्शियम घेतें व न विरघळणारी चिकट साय तयार होते. तीच कपड्यांच्या धाग्यांत अडकून त्यांना कळकटपणा आणते, व तीच केसांवर बसते. पाण्यांतील सर्व क्षार अशा रीतीनें खर्ची पडेपर्यंत फेस धरत नाहीं. लिटरमागें ३०० मिलिग्रॅम दुष्फेनता असलेल्या पाण्याच्या २० लिटरच्या बादलींत, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानें, ६ ग्रॅम क्षार असतो. आणि तेवढा क्षार ३५ ग्रॅमांहून अधिक साबण फुकट घालवूं शकतो. कपडे भिजविण्यापूर्वीं पाण्यांत धुण्याचा सोडा घातल्यास क्षार आधींच खालीं बसतो व साबण वांचतो. शिकेकाई व रिठा यांचा फेस साबणाच्या जातीचा नसल्यामुळें तो जड पाण्यांतही येतो. आजच्या धुण्याच्या पुडींतील कृत्रिम द्रव्यांचेंही तसेंच आहे. तेव्हां जड पाण्याच्या गांवीं न्हाणीघरांत रिठ्या-शिकेकाईला मान असावा, हें रसायनाला धरूनच आहे.

डाळीच्या दाण्यांतील पेशी ज्या द्रव्यानें एकमेकींस चिकटलेल्या असतात त्यास पेक्टिन म्हणतात. कॅल्शियमच्या योगानें हें पेक्टिन घट्ट होतें, व दाणा कितीही वेळ शिजविला तरी बोटचेपा होत नाहीं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर डाळ लवकर शिजते, परंतु त्याबरोबर तींतील 'ब१' हें जीवनसत्त्वही बरेंच नष्ट होतें. त्यापेक्षां पाणी आधीं उकळून, निवूं देऊन, वरचें निवळ पाणी डाळीला घेणें अधिक शहाणपणाचें.

इतका उपद्रव देणारें पाणी पोटांत गेल्यास काय होतें, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर धीर देणारें आहे. कॅल्शियम व मॅग्नेशियम हीं शरीराला लागणारींच द्रव्यें आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें आरोग्याच्या दृष्टीनें दुष्फेनतेला कोणतीही मर्यादा घातलेली नाहीं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंतची दुष्फेनता इष्ट, व दुसरें पाणी उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंतची चालण्यासारखी मानली आहे. मूतखड्याचें खापर जड पाण्यावर फोडण्याची रूढि आहे. परंतु तो टाळण्यासाठीं वैद्य मंडळी प्रथम सांगतात तें भरपूर पाणी पिण्यास. पाण्याच्या भयानें कमी पाणी पिणारा मनुष्य जें टाळावयास पाहतो त्यालाच निमंत्रण देतो.

आतां दुसरी बाजू पाहूं गेल्यास चित्र पालटतें. लंडनच्या सोहो भागांत १८५४ सालीं पटकीची भयंकर सांथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघर चौकशी करून ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाकडे बोट दाखविलें, व ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. त्या पंपाचें पाणी लोकांना आवडत असे. दूर हॅम्पस्टेड येथें राहावयास गेलेली एक विधवा बाई केवळ चवीसाठीं तें मुद्दाम आणवीत असे, आणि त्याच पाण्यानें ती दगावली. चव आणि निर्मळपणा यांची सांगड किती फसवी आहे, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण. आपल्याकडे नारूचा रोग पायऱ्यांच्या विहिरींतून पसरत असे. त्या विहिरींचें पाणी जड होतें कीं हलकें, याच्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. भारत २००० सालीं नारूमुक्त ठरला, तो पाणी हलकें करून नव्हे, तर पायऱ्या बंद करून, पाण्यांत औषध टाकून व तें फडक्यानें गाळून.

नळाच्या पाण्यालाही हा धोका अजिबात नाहीं असें नाहीं. शुद्धीकरण केंद्रांतून पाणी क्लोरीन मिसळून सोडलें जातें, व घरापर्यंत पोंचतांना त्यांत लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा असा दंडक आहे. परंतु पाणी दिवसांतून कांहीं तासच सुटत असेल तर उरलेल्या वेळीं नळांतील दाब नाहींसा होतो, व गळक्या सांध्यांतून भोंवतालचें सांडपाणी आंत ओढलें जाऊं शकतें. यासाठीं नळ सुटल्यावर प्रथम येणारें पाणी फरशी धुण्यास ठेवावें आणि मग पिण्याचें भरावें. तुरटी किंवा निवळीचें बीं फिरविल्यानें गढूळपणा खालीं बसतो, पण रोगजंतु निःशेष होतीलच अशी खात्री नसते. तुरटीनें जडपणाही जात नाहीं, उलट तात्पुरत्या दुष्फेनतेचा कांहीं भाग कायमचा होतो. जंतूंवर घरांतला खात्रीचा उपाय म्हणजे खळखळून उकळी फुटल्यावर पाणी आणखी एक मिनिट तसेंच उकळूं देणें.

दोन प्रश्नांच्या या गल्लतीवर बाजाराचें बारीक लक्ष असतें. दारावर आलेला विक्रेता पाण्याच्या दोन पेल्यांत विजेच्या दांड्या बुडवितो. नळाचें पाणी पाहतां पाहतां तांबूस गाळानें भरतें, व त्याच्या यंत्रांतून निघालेलें पाणी तसेंच राहतें. गृहस्वामिनी घाबरते. वस्तुतः तो गाळ पाण्यांतला नसून दांडीच्या लोखंडाचा असतो. क्षारयुक्त पाण्यांतून वीज वाहते म्हणून लोखंड झिजतें; क्षार काढलेल्या पाण्यांतून ती फारशी वाहत नाहीं, एवढेंच. खिशांत मावणारा टीडीएस मीटरही विरघळलेल्या क्षारांचाच अदमास देतो. एका पेल्यांत पटकीचे लक्षावधि जंतु असले तरी त्याला त्याचा पत्ता लागत नाहीं.

व्यस्त परासरणाचें, म्हणजे आर. ओ. म्हणून ओळखलें जाणारें, यंत्र क्षार खरोखरच काढतें. पण त्यासाठीं तें बरेंच पाणी मोरींत सोडून देतें. म्हणूनच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ सालीं, जेथें विरघळलेले पदार्थ लिटरमागें ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथें अशा यंत्रांना मनाई करण्याचा निर्देश शासनाला दिला. यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांतील ज्या गांवीं भूजलांत फ्लोराइड आहे, तेथें मात्र अशा यंत्राचें मोल मोठें. फ्लोराइड लिटरमागें १.५ मिलिग्रॅमच्या पुढें गेल्यास दांत व हाडें बिघडतात, आणि तें पाणी उकळून जात नाहीं. राळेच्या मण्यांचीं मृदुकारक यंत्रें कॅल्शियम काढून त्या जागीं सोडियम सोडतात. १०० मिलिग्रॅम दुष्फेनता गेली कीं पाण्यांत सुमारें ४६ मिलिग्रॅम सोडियम येतें. न्हाणीघराला व धुण्याच्या यंत्राला हें पाणी उत्तम. पण ज्या घरांत रक्तदाबाचा रोगी आहे तेथें स्वयंपाकघराचा नळ त्यापासून वेगळा ठेवणें बरें.

तात्पर्य, गृहिणीनें पाण्याला दोन प्रश्न विचारावे, आणि ते वेगवेगळे विचारावे. तूं जड आहेस कीं हलकें, या प्रश्नाचें उत्तर साबण, डाळ व पातेलें देतात. त्यासाठीं प्रयोगशाळा नको. तूं निर्दोष आहेस काय, या प्रश्नाचें उत्तर डोळा देत नाहीं, जीभ देत नाहीं आणि मीटरही देत नाहीं. कूपनलिकेचें पाणी पिण्यांत असेल तर त्याची रासायनिक व जंतुविषयक तपासणी करून घ्यावी. इमारतीच्या टाक्या नेमानें धुवून घ्याव्या. पिण्याचें पाणी झांकून ठेवावें, आणि त्यांत हात न बुडवितां तें ओगराळ्यानें काढावें. पातेल्याचें पांढरें पुट हें कुटुंबाचें वैरी नव्हे. तें निदान दिसतें तरी. जें दिसत नाहीं त्याविषयीं जागरूक राहणें, हाच पाण्याच्या बाबतींतील खरा गृहधर्म होय.