सारेच महाबली, तर संघ कशाला?

सुपरहिरोंच्या कथांत एकटा नायकही शोभून दिसतो. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत मात्र तो सहसा एकटा नसतो. चार-पाच खेळाडू, प्रत्येकाचा एक सुपरहिरो आणि कथा पुढे नेणारा सूत्रधार, म्हणजेच गेम मास्टर, असा हा डाव असतो. आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात, फासे पडतात आणि यशापयश ठरते. अशा डावात एकाच खेळाडूचे पात्र उडणारे, पोलादी देहाचे आणि शिवाय मनकवडेही असले तर काय होईल? सारे प्रश्न तोच सोडवील आणि बाकीचे तीन-चार तास नुसते पाहत बसतील. संघातील भूमिकांचा विचार करावा लागतो तो यासाठीच.

अद्भुतरम्य कथांवरील खेळांत हा प्रश्न तुलनेने सोपा होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात पात्राचा वर्ग निवडला की कामही जवळपास ठरून जाई. लढवय्या पुढे उभा राही, जादूगार मागून मंत्र टाकी. याच खेळाच्या २००८ मधील चौथ्या आवृत्तीने भूमिकांना थेट नावे दिली. 'डिफेंडर' शत्रूला स्वतःवर रोखून धरतो, 'स्ट्रायकर' जबर प्रहार करतो, 'कंट्रोलर' रणांगणावरील हालचालींना लगाम घालतो आणि 'लीडर' सोबत्यांना सावरतो. येथे लीडर म्हणजे हुकूम सोडणारा कप्तान नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सुपरहिरोंच्या खेळांत अनेकदा असे ठरीव वर्ग नसतात. १९८१ मध्ये आलेल्या 'चॅम्पियन्स'मध्ये खेळाडूला ठरावीक गुण मिळतात आणि ते खर्चून त्याने हवी ती शक्ती घ्यायची असते. स्वातंत्र्य मोठे, म्हणून गोंधळाची शक्यताही मोठी. त्यावर उपाय म्हणून काही ओळखीचे साचे रूढ झाले. घाव झेलणारा बलदंड तो 'ब्रिक', म्हणजे वीट. दुरून ऊर्जेचे झोत सोडणारा 'एनर्जी प्रोजेक्टर', मनावर ताबा मिळवणारा 'मेंटलिस्ट', वाऱ्याच्या वेगाने धावणारा 'स्पीडस्टर'. हे साचे बंधनकारक नाहीत. पण संघात काय आहे आणि काय नाही, हे त्यांच्यामुळे चटकन कळते.

एकाच्या हाती सारे बळ एकवटू नये म्हणून २००२ मध्ये आलेल्या 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स'ने निराळी वाट धरली. त्यात संपूर्ण संघासाठी शक्तीची एक पातळी ठरते. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार दहाव्या पातळीच्या पात्राची हल्ल्यातील अचूकता आणि त्या हल्ल्याचा परिणाम यांची बेरीज २० च्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे कोणी १२ परिणाम घेतला, तर अचूकता ८ वर थांबते. याउलट नेमबाज १४ अचूकता घेईल. पण त्याच्या प्रहाराचा परिणाम ६ च राहील. दोघेही तुल्यबळ, तरी त्यांची कामे वेगळी.

परंतु भूमिका केवळ मारामारीपुरती नसते. 'चॅम्पियन्स'मध्ये गुप्त ओळख, पाठलागावर असलेला वैरी किंवा नायकावर अवलंबून असलेले आप्त अशा उणिवा पत्करल्या की जादा गुण मिळत. नायकाचे दुबळेपणही कथेला खाद्य पुरवते, हे त्यामागचे मर्म. २०१६ मधील 'मास्क्स' या किशोरवयीन नायकांच्या खेळाने तर भूमिकेची व्याख्याच बदलली. तेथे पात्राला कोणती शक्ती आहे, यापेक्षा त्याच्यापुढे कोणता पेच आहे हे महत्त्वाचे ठरते. 'लेगसी'च्या खांद्यावर घराण्याच्या कीर्तीचे ओझे असते, 'जेनस' मुखवटा आणि रोजच्या जबाबदाऱ्या यांच्या ओढाताणीत सापडतो, तर 'बीकन'ला दिग्गजांमध्ये आपली जागा सिद्ध करायची असते. जखमांच्या मोजदादीऐवजी तेथे भीती, संताप, अपराधभाव अशा मनोवस्थांची नोंद होते.

म्हणूनच पात्रे घडवण्याआधी सर्वांनी एकत्र बसून बोलणे हिताचे. संघात घाव कोण झेलणार, माहिती कोण काढणार, सामान्य माणसांशी कोण बोलणार आणि संकटात कोण कोणाच्या मदतीला धावणार, हे तेव्हाच ठरावे. दोघांना बलदंडच हवा असेल, तर एकाने अचल तटबंदी व्हावे आणि दुसऱ्याने बेभान वादळ. सूत्रधाराचे कामही येथेच सुरू होते. मनकवड्याला संघात घेतले, तर केवळ मनातूनच उकलेल असे एखादे रहस्य कथेत असलेच पाहिजे. कारण ज्या भूमिकेची कथेला कधीच गरज पडत नाही, ती कागदावर कितीही सामर्थ्यवान दिसली, तरी तिच्यामागचा खेळाडू संपूर्ण डावात प्रेक्षकच राहतो.